चौथ्या मजल्यावरचं पाणी

५ मार्च २००६, रविवार

आजवर माझ्या हातानं झालेल्या वस्तू: लोखंडी कपाट (डावं दार पावसाळ्यात घासतं, हे लिहिलं पाहिजे). भुशाची शेगडी. बायकोच्या, सरूच्या, शिलाई मशीनचं टेबल. वाळू, खडी आणि कोळशाचा पाणी गाळायचा फिल्टर. ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चालणारा दिवा, लाइट गेल्यावर आपोआप लागतो. बुद्धमूर्तीची सागवानी चौकट. दोन खुर्च्या, एक पाट, माझ्या स्वतःच्या चपला. शाळा सातवीपर्यंत. बाकीचं बघून बघून.

अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हा मिळालेल्या पैशात हेंद्रेपाड्यातला हा चौथ्या मजल्यावरचा ब्लॉक घेतला. कर्ज नाही, हप्ता नाही. मिक्सर आणि पंखे दुरुस्त करून घर चालतं. जे करता येतं ते विकत आणायचं नाही, हा घरचा कायदा. सरू म्हणते, घरचा नाही, तुमचा.

वही सुरू करायचं कारण वेगळं आहे. गच्चीवर माझे दोन पिंप होते. पावसाचं पाणी साठवायला मीच बसवले होते. सोसायटीच्या जानेवारीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी श्रीपाद, आमच्या खालीच तिसऱ्या मजल्यावर राहणारा, सगळ्यांसमोर म्हणाला, "भगवानराव, हे बदलापूर आहे. बुवापाड्याला तुमच्याकडे चालत असेल असं." बाकीचे हसले. बुवापाडा म्हणजे अंबरनाथची आमची जुनी वस्ती. पुढच्या आठवड्यात मी कामाला गेलेलो असताना त्यानं पिंप भंगारवाल्याला देऊन टाकले.

पिंपांचं मी सोडलं असतं. 'तुमच्याकडे' हा शब्द सोडणार नाही. 'तुमच्याकडे' म्हणजे कुणाकडे, ते त्यालाही माहीत होतं आणि हसणाऱ्यांनाही. त्याची आई गोजरबाई दोन वर्षांत आमच्या घरचा चहा प्यायली नाही. सरूनं विचारलं की म्हणते, आज उपास आहे. आठवड्यात इतके उपास असतात हे मला इथं येऊन कळलं.

लिहून ठेवतो: श्रीपाद एक दिवस स्वतः बादली घेऊन माझ्या दारात उभा राहील, आणि माझ्या घरचं पाणी माझ्या समोर पिईल. त्याशिवाय हे मिटलं असं मी धरणार नाही.

११ मार्च, शनिवार

उल्हासनगरला गेलो, कॅम्प तीनमध्ये. तेलाचे रिकामे पिंप बघितले. नाक घालून वास घेतला, कारण रसायनाच्या पिंपावर नुसता रंग मारून विकणारे बसलेलेच आहेत.

दुकानदार म्हणाला, "साईं, सूंघना क्या, पीके देख. नया ले जा, गॅरंटी दूंगा."

मी म्हटलं, "गॅरंटी मी माझी देतो. तू फक्त झाकण दाखव."

"तेरे जैसे चार ग्राहक आ गए तो दुकान बंद करके तेरे यहाँ नौकरी मांगूंगा."

शेवटी दोन पिंप घेतले, झाकणासकट. पितळी नळी, चामड्याचे वायसर आणि सायकलची फ्रेम भंगारातून काढली. फ्रेम थोडी वाकडी आहे. सरळ होईल.

पाणी आणायचं कुठून ते ठरलेलं आहे. इमारतीच्या मागे आनंदा नावाच्या शेतकऱ्याची विहीर. ही सगळी जमीन त्याचीच होती. बिल्डरला विकली, पण विहिरीचा कोपरा ठेवला. मागच्या वर्षी मी त्याचं इंजिन दुरुस्त करून दिलं होतं आणि पैसे घेतले नव्हते. आज विचारलं तर म्हणाला, "घे की पानी. हिरीला काय मी कुलूप घातलंय? पन चौथ्या माळ्यावर नेनार कसा, खांद्यावर?"

मी म्हटलं, पायडल मारून. तो बराच वेळ हसला. हसू दे. हे त्याचं हसू वेगळं होतं, त्याचा मला राग आला नाही.

विहिरीवर सोसायटीचा हक्क नाही. पाइप आनंदाच्या जागेतून येईल आणि थेट माझ्या गॅलरीत चढेल. श्रीपादला बोट ठेवायला जागा नाही.

१९ मार्च, रविवार

पितळी नळीचा पंप करून सायकलच्या फ्रेमला जोडला आणि विहिरीपाशी बसवला. पहिली चाचणी फसली. विहिरीत सोडलेला पाइप मऊ घेतला होता. पंपानं ओढ घेतली तशी तो चपटा झाला, चोखून टाकलेल्या आंब्यासारखा. चूक माझी. ओढीचा पाइप कडकच हवा, हे मला ठाऊक होतं. घाई केली. घाईचं कारण म्हणजे श्रीपाद त्याच्या खिडकीतून बघत होता.

२६ मार्च, रविवार

पाणी चढलं. आधी पाइपात हवा गुरगुरली, मग गॅलरीतून सरूचा आवाज आला, "आलं, आलं, थांबा, माझे पाय भिजले."

दोन्ही पिंप लोखंडी स्टँडवर, भिंतीलगत, खाली बीम आहे तिथं ठेवलेत. कठड्याकडे ठेवले असते तर स्लॅबला त्रास होता. बाजूला पारदर्शक नळी लावली आहे, पाण्याची उंची बाहेरून कळते. खाली नळ स्वयंपाकघरात आणला. पिण्याचं पाणी फिल्टरमधून येतं आणि मग उकळतो.

सरूनं नळ सोडला, बंद केला, परत सोडला. म्हणाली, "चांगलं झालं हो. खालच्यांनाही सांगा, बघायला येऊ देत."

मी म्हटलं, बघायला नको. मागायला येऊ देत.

२ एप्रिल, रविवार

लोडशेडिंग वाढलं. सकाळी नगरपालिकेचं पाणी येतं नेमकं तेव्हाच वीज जाते. खालची टाकी भरते, पण मोटर चालत नाही, त्यामुळे गच्चीची टाकी कोरडी. सगळी इमारत जिन्यानं बादल्या वाहते.

मी जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून चहा प्यायलो. माझी स्वतः केलेली खुर्ची. श्रीपाद दोन्ही हातांत बादल्या घेऊन वर येत होता, सदरा पाठीला चिकटलेला. मला बघून थांबला.

"काय भगवानराव, बसलात?"

"बसलोय. तुमचं चालू द्या."

त्याच्या बादलीतून पायरीवर सांडलं. मी पाय उचलून घेतले.

संध्याकाळी गॅलरीतल्या झाडांना भरपूर पाणी घातलं. चार थेंब खाली त्याच्या गॅलरीत गेले. जाऊ देत. आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

१० एप्रिल, सोमवार

श्रीपादची बायको उमा बादली घेऊन चढताना जिन्यावर घसरली. पायाला प्लास्टर आहे. उमाबाईचा दोष नाही. मीटिंगमध्ये ती हसली नव्हती, मी बघत होतो. दोष श्रीपादचा. पण पाणी द्यायचं तर त्यानं मागायला हवं. तो ऑफिसला जायच्या आधी दोन बादल्या भरून ठेवतो, त्यात तिघांचं दिवसभर भागवायचं. गोजरबाईचं वय बघता अवघड आहे.

सरू म्हणाली, "दोन पिंप भरलेत आपल्याकडे."

मी म्हटलं, "त्याला तोंड आहे. माझ्याविरुद्ध बोलायला उघडलं होतं ना?"

ती उठली. मशीनवर बसली.

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. पांढरे कपडे घालून बुवापाड्याला गेलो. मिरवणूक, भाषणं, जुनी माणसं. एका वक्त्यानं पाण्याच्या हक्काबद्दल सांगितलं. लहानपणापासून ऐकतो, तरी अंगावर काटा येतो. माझा पंप आठवला. चुलत्यांना सगळं सांगितलं, श्रीपादसकट. ते म्हणाले, बरोबर करतोयस, एक थेंब देऊ नकोस.

घरी येताना सरू म्हणाली, "भाषणात पाणी मिळवायचं सांगितलं. अडवायचं कुठं सांगितलं?"

बायकांना हे कळत नाही. तरी तिचं वाक्य इथं लिहून ठेवतो.

१९ एप्रिल, बुधवार

काहीतरी गडबड आहे. नळीवर रोज खूण करतो. आमच्या वापरानं जितकं उतरायला हवं त्यापेक्षा जास्त उतरतं. साधारण दोन हंडे रोज. सांधे तपासले, कोरडे आहेत. नळाचा वायसर बदलला.

सरूला विचारलं. म्हणाली, "उन्हाळा आहे. वाफ होत असेल."

झाकण घट्ट असताना इतकी वाफ होत नाही. तिला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. कमरेपाशी तिचा पदर ओला होता. घाम म्हणाली. ती हल्ली रोज दुपारी खाली जाते, उमाबाईचे ब्लाउज शिवायला घेतलेत म्हणे. मी जाऊ देतो. शिलाईचे पैसे येतात, आणि तिथं काय बोलतात ते कळतं.

२३ एप्रिल, रविवार

पूर्ण पाइप काढून पुन्हा बसवला. गळती नाही. तरी पाणी कमी.

आता मला वाटतं चोरी आहे. पाइप श्रीपादच्या गॅलरीच्या बाजूनं वर येतो. मधे बारीक भोक पाडून नळी जोडणं अवघड नाही. दिवसा तो नसतो, पण कुणाला तरी पैसे देऊन करवलं असेल. मागायला लाज वाटते म्हणून चोरतो. असं निघालं तर सोडणार नाही. मीटिंग बोलावीन, आणि या वेळी हसायची पाळी माझी.

२७ एप्रिल, गुरुवार

उपाय सुचला. विहिरीत जंतू मरायला टाकतात ती लाल पूड आणली. चिमूटभर दोन्ही पिंपांत टाकली. पाणी फिकट गुलाबी होतं, प्यायला अपाय नाही. आता ते जिथं झिरपेल किंवा सांडेल तिथं डाग पडेल. सरूला खरं सांगितलं नाही, म्हटलं आनंदानं विहिरीत औषध टाकलंय, एक-दोन दिवस रंग दिसेल.

दिवसभर इमारतीभोवती फिरलो. श्रीपादच्या न्हाणीची बाहेरची भिंत, ड्रेनेजचा पाइप, पार्किंगचं छत. कुठंही डाग नाही.

२८ एप्रिल, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी तिसऱ्या मजल्यावरून उतरत होतो. श्रीपादचं दार उघडं होतं. दारातच गोजरबाई भिंतीला टेकून बसली होती, हातात पितळी तांब्या. शेजारी हंडा. हंड्याच्या काठाशी पाणी फिकट गुलाबी दिसत होतं.

मला बघून म्हणाली, "भगवान, ये रे. विहिरीत औषध टाकलंय म्हणे. सरस्वती म्हणाली, घाबरू नका, प्या. चांगलं केलंस बाबा. मागच्या साली सगळ्यांचीच पोटं बिघडली होती."

मी हंड्यात वाकून बघितलं.

"तू रोज पाठवतोस म्हणून भागतंय. उमाचा पाय तसला, मला जिना उतरत नाही. मी श्रीपादला सांगितलं, भगवाननं मनात धरलं नाही बघ."

आणि तांब्या तोंडाला लावून प्यायली. वरून नाही, काठाला तोंड लावून. हनुवटीवरून ओघळ आला तो पदरानं पुसला.

म्हटलं, "आजी, आज उपास नाही?"

"कसला उपास? पाण्याला कसला आलाय उपास?"

खाली न जाता वर परत आलो. कशाला निघालो होतो ते आठवत नव्हतं.

२९ एप्रिल, शनिवार

सरूला विचारलं. नाकारलं नाही. भाजी चिरत होती, चिरत राहिली.

"किती दिवस?"

"उमाबाई पडली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"माझं नाव सांगून?"

"मग कुणाचं सांगू? पंप तुमचा, पिंप तुमचे. मी फक्त हंडा नेला."

"मी पाठवलं नव्हतं."

"तुमच्या मनात यायला वेळ लागला असता. म्हातारीला तेवढा वेळ नव्हता."

माझी सगळी तजवीज तिनं बिघडवली. तो मागायला येणार होता. आता तो कशाला येईल? त्याच्या घरात पाणी पोचतंय आणि वर मी मोठ्या मनाचा ठरलोय. मी मोठ्या मनाचा नाही. मला जे करायचं नव्हतं त्याचं श्रेय मला नको. मी जे हातानं करतो तेवढंच माझं.

स्वयंपाकघरातल्या नळाला कुलूप लावलं. कुलूप विकतचं आहे. करायला वेळ नव्हता.

२ मे, मंगळवार

सरू माझ्याशी भांडली नाही. ती सकाळी उठून खाली जाते, टाकीवर रांगेत उभी राहते आणि कळशीनं पाणी आणते. चार मजले. एक कळशी श्रीपादच्या दारात ठेवते, एक वर आणते. तिचा स्वयंपाक, तिची आंघोळ, तिचं पिणं, सगळं त्या पाण्यात. माझा भात माझ्या पाण्यात वेगळा शिजवते, त्यासाठी किल्ली मागते आणि परत आणून देते.

"किल्ली तुमची," एवढंच म्हणते.

मी म्हटलं, हा हट्ट आहे. ती म्हणाली, "तुमच्याकडूनच शिकले. विकत आणलेला नाही."

४ मे, गुरुवार

पिंप तुडुंब भरलेले आहेत. वापरणारा मी एकटा. नळीवरची खूण जेमतेम हलते. सरू जिन्यात बसून गुडघे चोळत होती. मी वरून बघितलं, तिनं वर बघितलं नाही. कळशी घ्यायला खाली गेलो तर म्हणाली, "राहू द्या, हे पाणी तुमचं नाही."

फिल्टरची वाळू धुतली. गरज नव्हती.

७ मे, रविवार

श्रीपाद आला. बादली घेऊन.

दारात उभा राहिला. हातात खरोखर बादली, पिवळी प्लास्टिकची, कडीला फडकं गुंडाळलेलं. दोन महिने हे चित्र मी मनात बघितलं होतं. चित्रात त्याची मान खाली होती. प्रत्यक्षात तो दम खात होता.

"भगवानराव, आत येऊ?"

खुर्ची दाखवली. सरूनं आतून तांब्या-पेला आणला, कुणीही आलं की आणते तसा. त्यानं एका दमात पेला रिकामा केला, "वहिनी, अजून एक" म्हणाला आणि तोही प्यायला. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा तो पेला खाली ठेवत होता. ज्यासाठी थांबलो होतो ते होऊन गेलं, आणि त्याला कळलंसुद्धा नाही. नंतर बघितलं, पेल्यातलं पाणी सरूच्या कळशीतलं होतं. त्यातही मी नव्हतो.

तो म्हणाला, "आठवडा झाला वहिनी खालून पाणी आणून आमच्या दारात ठेवतायत. आई म्हणते तुमचा पंप बिघडला. बिघडला असेल तर सांगा, सामान मी आणतो. वहिनींना असं चढताना बघवत नाही."

मी म्हटलं, "पंप ठणठणीत आहे. कुलूप लावलंय."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं बादली पायाशी सरकवली.

"मीटिंगमध्ये मी बोललो ते चुकीचं बोललो," म्हणाला. "आणि आधीही पाणी तुम्ही पाठवत नव्हता तर."

"नाही. तिनं दिलं. तुमच्या आईला सांगा."

"नाही सांगणार. तिला तुमचं कौतुक करायला आवडतं."

मग त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. सोसायटीच्या बाकी लोकांशी बोलून आला होता. पंप, पाइप आणि पिंप सोसायटी विकत घेणार, पाइप गच्चीच्या टाकीपर्यंत वाढवणार, आनंदाशी बोलायचं काम माझ्यावर, आणि गच्चीचा एक कोपरा कायमचा मला लिहून देणार. पैसे रोख. आकडा त्यानं दोनदा सांगितला.

सरू दारात उभी होती. या पैशांत काय काय झालं असतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मलाही दिसत होतं, मी आंधळा नाही.

मी म्हटलं, "विकायचा नाही."

"मग इमारतीनं काय करायचं?"

"उद्यापासून माझ्या नळावर यायचं. प्रत्येक घरानं आपलं भांडं आणायचं. फुकट. पण तुमच्या घरचं पाणी न्यायला तुम्ही स्वतः यायचं. आईला नाही पाठवायचं, उमाबाईचा पाय बरा झाला तरी तिला नाही. तुम्ही. रोज."

मला वाटलं होतं त्याचा चेहरा उतरेल. तो म्हणाला, "येईन की. पण एवढ्या लोकांना पुरायचं तर पायडल कोण मारणार? मी ऑफिसच्या आधी अर्धा तास मारू का? डॉक्टरनं व्यायाम सांगितलाय."

मी म्हटलं, मारा. गुडघा बाहेर काढून मारू नका, चेन उतरते.

कुलूप काढलं. त्याची बादली मी स्वतः भरून दिली, काठोकाठ, म्हणजे नेताना जपून न्यावी लागेल. किल्ली सरूच्या हातात दिली. तिनं ती खिडकीतून आनंदाच्या गवतात टाकली.

श्रीपाद गेल्यावर ती म्हणाली, "घ्यायचे होते पैसे. नाही म्हणायची काय गरज होती?"

तिला सांगितलं, पैसे घेतले असते तर त्याचं माझं फिटलं असतं. तो सुटला असता. आता तो रोज येईल, रोज माझ्या दारात उभा राहील, आणि त्याला कधीच फेडता येणार नाही. हा माझा सूड आहे.

सरूनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं. सूड तर सूड. उद्या सकाळी त्याला चहाही द्यावा लागेल, पायडल मारून येईल तो."

वहीत नोंद राहावी म्हणून लिहितो. पंप, पाइप आणि दोन पिंपांसाठी, गच्चीचा कोपरा वेगळा, सोसायटीच्या वतीनं श्रीपादनं आज देऊ केलेली रक्कम: बावीस हजार रुपये. मी नाही म्हटलं.